खनिज ते मोटारीचा सुटा भाग : मूल्य नेमकं कुठल्या पायरीवर वाढतं?

धातुमळी

'आपलं खनिज कच्चं का विकायचं, इथेच गाड्या बनवू' हे वाक्य खाणी असलेल्या जवळजवळ प्रत्येक देशात ऐकू येतं. वाक्यात चूक काही नाही. पण खनिज आणि गाडी यांच्यामध्ये सात-आठ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीचं गणित वेगळं आहे. म्हणून हा धागा. धोरणावरची भाषणं नकोत. कुठली पायरी किती टनाला परवडते, माल कुठे अडतो आणि का नाकारला जातो, एवढंच बोलू.

सुरुवातीला एक विसंगती. लोहखनिजाच्या निर्यातीत ऑस्ट्रेलिया जगात पहिला, बॉक्साइट आणि लिथियममध्येही पहिल्या रांगेत. तिथला शेवटचा मोठा मोटार कारखाना ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद पडला. उलट जपान आणि दक्षिण कोरिया जवळपास सगळं लोहखनिज बोटीने आणतात आणि जगाला गाड्या विकतात. खाण शेजारी असणं ही गाडी बनवण्याची अट नाही, हमी तर नाहीच नाही.

आता टनांचा हिशेब. जागतिक पोलाद संघटनेच्या आकड्याप्रमाणे एका गाडीत सरासरी ९०० किलो पोलाद असतं. वर्षाला १ लाख गाड्यांचा कारखाना म्हणजे ९०,००० टन. पत्रा लाटणारी एखादी हॉट स्ट्रिप मिल वर्षाला ४० लाख टन काढते. म्हणजे लाख गाड्यांचं पोलाद हे त्या मिलचं आठ-नऊ दिवसांचं काम! त्यातही बाहेरचा पत्रा वेगळा, सांगाड्याचा वेगळा, गिअरचं पोलाद वेगळं, स्प्रिंगचं वेगळं. हे सगळं एका मिलमधून निघतही नाही.

ॲल्युमिनियमचंही तसंच. अलॉय व्हील सुमारे ९ किलोचं धरा. चार चाकं, १ लाख गाड्या, म्हणजे ३,६०० टन. नवा स्मेल्टर (ॲल्युमिनियम धातू काढणारा कारखाना) साडेतीन लाख टनांचा असला तर ही त्याची १% मागणी झाली.

माझा मुद्दा असा की मोटार कारखाना स्मेल्टरला पोसू शकत नाही. स्मेल्टर बांधकाम, केबल, डबे यांवर उभा राहतो, मोटारीचा भाग त्यातून एक छोटा फाटा म्हणून निघतो. क्रम उलटा धरला की प्रकल्प फसतो.

पाटीपेन्सिल

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: मग सुरुवात गाडीच्या कुठल्या भागापासून करायची?

बीडकाम

बीडापासून, म्हणजे ओतीव लोखंडापासून. ब्रेक डिस्क, ड्रम, हब, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. कारण प्रमाण जुळतं.

पुढच्या चाकाची हवेशीर डिस्क घ्या. मशिनिंगनंतर ७ किलो, ओतीव ९ किलो. लाख गाड्या, दोन डिस्क, म्हणजे १,८०० टन ओतीव माल. रनर-रायझर (साच्यातल्या धातूच्या वाटा आणि खुंट्या, नंतर कापून टाकतात त्या) धरून उतारा ६५% पकडला तर सुमारे २,८०० टन धातू वितळवायचा. ताशी एक टन वितळवणारी इंडक्शन भट्टी दोन पाळ्यांत हे आरामात करते. शिवाय डिस्क झिजते. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांची बदली मागणी असते, त्यामुळे नवी गाडी खपली नाही तरी फाउंड्री बंद पडत नाही.

आता या धाग्यात सांगायलाच हवी अशी गोष्ट: खनिजाचा स्वभाव शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. फॉस्फरस झोतभट्टीत (खनिजापासून पातळ लोखंड काढणाऱ्या भट्टीत) जळत नाही आणि मळीतही (वर तरंगणाऱ्या वितळलेल्या कचऱ्यात) जात नाही, जवळजवळ सगळा लोखंडात उतरतो. एक टन लोखंडाला साधारण १.६ टन खनिज लागतं. खनिजात फॉस्फरस ०.०६% असेल तर लोखंडात ०.०९६%, आणि कोकचा वाटा वेगळाच. साध्या करड्या बीडाला ०.१% पर्यंत चालतं. पण स्टिअरिंग नकल, सस्पेन्शन आर्म हे डक्टाइल (सहज न मोडणाऱ्या) बीडाचे भाग असतात, तिथे ०.०३-०.०४% च्या वर गेलात तर कणांच्या कडेला ठिसूळ स्टेडाइट साचतं आणि थंडीत धक्का बसला की भाग मोडतो. म्हणजे कुठला भाग बनवता येईल हे पुष्कळदा खाणीच्या पृथक्करणाच्या कागदावरच ठरलेलं असतं. लोह किती टक्के ते सगळे विचारतात, फॉस्फरस कोणी विचारत नाही.

घमेलं

बीडकाम, बरोबर. पण एक भर. तेच खनिज न वितळवता गॅसवर स्पंज आयर्न (सच्छिद्र लोखंड) करून विद्युत भट्टीत नेलं तर फॉस्फरस ऑक्साइडच्या रूपात राहतो आणि चुनखडीच्या मळीत बराचसा काढता येतो. म्हणून जास्त फॉस्फरसचं खनिज पोलादाकडे वळवावं, फाउंड्रीच्या पिग आयर्नकडे (झोतभट्टीच्या लोखंडाच्या ढेकळांकडे) नाही. मात्र स्पंज आयर्नला लोह ६७% च्या आसपास आणि सिलिका-ॲल्युमिना कमी लागतं, म्हणजे आधी दळून, धुऊन, पेलेट करणं आलं. फुकट काहीच नाही.

हिशेबनीस

बीडकाम यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यांनी स्वतःच्याच आकड्यांतून निघणारा निष्कर्ष काढलेला नाही. डिस्कच्या चार्जमध्ये (भट्टीत घालायच्या मालात) पिग आयर्न साधारण १५%, बाकी पोलादाचं भंगार, स्वतःचाच परतावा आणि कार्बन वाढवायला ग्रॅफाइटचा चुरा. २,८०० टनांचे १५% म्हणजे ४२० टन पिग आयर्न, म्हणजे ६७० टन खनिज. मध्यम खाणीतून ते एका पाळीत निघतं!

मग 'स्थानिक खनिजाचं मूल्यवर्धन' कुठे झालं? खनिजाचं जवळपास झालंच नाही. मूल्य वाढलं ते साचा, ओतकाम, मशिनिंग आणि तपासणीत. मला हे वाईट वाटत नाही, उलट चांगलंच आहे. पण मग त्याला खनिजाचं मूल्यवर्धन म्हणू नका, कारखानदारी म्हणा. ती खाण नसलेल्या गावातही होते.

बीडकाम

हिशेब मान्य. एक अपवाद सांगतो. छोट्या झोतभट्टीच्या शेजारीच फाउंड्री असेल तर पातळ लोखंड लॅडलमधून (धातू नेण्याच्या भांड्यातून) थेट इंडक्शन भट्टीत आणतात. तिथे ते ७०-८०% पर्यंत वापरता येतं. थंड चार्ज वितळवायला टनाला साडेपाचशे-सहाशे युनिट वीज लागते, पातळ धातू आणला की फक्त तापमान आणि रसायन जुळवायचं. जवळ असण्याचा खरा फायदा हाच. पिगच्या ढेकळांना ट्रकच्या भाड्याखेरीज अंतराचं काही वाटत नाही, पातळ धातूला वाटतं.

अडचणही आहे. झोतभट्टीच्या लोखंडात कार्बन ४% च्या वर, डिस्कला हवा ३.२ ते ३.५%. म्हणून पोलादाचं भंगार घालून पातळ करावं लागतं. आणि भट्टीचा सिलिकॉन तासातासाला बदलतो. स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) नमुना आल्याशिवाय ओतू नये. झोतभट्टी थांबत नाही, फाउंड्रीची मोल्डिंग लाइन मात्र थांबते, त्या वेळी पिग कास्टिंग मशीनवर ओतायची सोय नसेल तर लॅडलमध्ये धातू थिजून कवटी धरते.

पाटीपेन्सिल

डिस्क नाकारली जाण्याची मुख्य कारणं कोणती? साधा तर भाग आहे, गोल ताटली.

बीडकाम

गोल ताटली खरी, पण ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं की सगळे तिच्याकडेच बघतात.

कडेला पांढरं बीड, म्हणजे चिल. इनॉक्युलेशन (ग्रॅफाइट धरायला द्यायचं विरजण) कमी पडलं किंवा उशीर झाला. ७५% फेरोसिलिकॉन ०.१ ते ०.३% ओतताना धारेत द्यायचा, लॅडलमध्ये टाकून दहा मिनिटं गप्पा मारायच्या नाहीत. टर्निंगची टिप तुटायला लागली की समजा चिल आहे.

गंधक फार कमी असणंही वाईट, हे नव्यांना पटत नाही. करड्या बीडाला ०.०५ ते ०.१२% गंधक हवं, नाहीतर ग्रॅफाइटला केंद्रकं मिळत नाहीत. मँगेनीज त्याच्या हिशेबात: गंधकाच्या १.७ पट अधिक ०.३. गंधक ०.०८% असेल तर मँगेनीज ०.४४% च्या आसपास हा तळ, पर्लाइटसाठी (बीडाला ताकद देणाऱ्या रचनेसाठी) वर थोडं. डक्टाइलला बरोबर उलट: मॅग्नेशियम देण्याआधी गंधक ०.०२% च्या खाली, नंतर मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५% उरलं पाहिजे आणि दहा-बारा मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं. उशीर झाला की मॅग्नेशियम उडतं, गोळ्यांच्या जागी पट्ट्या येतात.

ब्लो होल: ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूत) ओल जास्त. ओलावा ३ ते ४%, कॉम्पॅक्टॅबिलिटी (दाबल्यावर वाळू किती बसते ते) ४० च्या आसपास. हवेशीर डिस्कचा गाभा राळेचा असतो. राळेतला नायट्रोजन आणि चार्जमधलं भरपूर पोलादी भंगार एकत्र आलं तर भेगेसारखी छिद्रं पडतात, ती वाळूवर ढकलली जातात. वाळूचा दोष नसतो.

आणि गाभा अर्धा मिलीमीटर जरी सरकला तरी दोन गालांची जाडी वेगळी होते. डिस्क तापल्यावर छत्रीसारखी वाकते. तयार डिस्कमध्ये जाडीचा फरक १०-१५ मायक्रॉनच्या आत ठेवावा लागतो, ते काम ओतणाऱ्याचं नाही, दोन्ही बाजू एकदम कापणाऱ्या लेथचं.

धातुमळी

ॲल्युमिनियममध्येही पातळ धातूचा मुद्दा लागू होतो, किंबहुना जास्त. स्मेल्टरमधून सुमारे ९५० अंशांच्या सेलमधून धातू निघतो, तो इंगॉट करून थंड करायचा, मग दुसऱ्याने परत वितळवायचा, त्यात १-२% धातू ऑक्साइड होऊन जातो. झाकणाच्या, अस्तर लावलेल्या लॅडलमधून पातळ धातू ट्रकने शेजारच्या चाकांच्या कारखान्यात नेला तर ते सगळं वाचतं. हे काही तासांच्या अंतरापर्यंत जमतं.

पण चाकाचा धातू शुद्ध ॲल्युमिनियम नसतो. ए३५६ या चाकाच्या मिश्रधातूत सिलिकॉन ६.५ ते ७.५%, मॅग्नेशियम ०.२५ ते ०.४५%, सिलिकॉनचे स्फटिक बारीक करायला स्ट्रॉन्शियम ०.०१५-०.०२%. सिलिकॉन धातू बहुधा बाहेरूनच येतो, त्यालाही टनाला ११-१३ हजार युनिट वीज लागते. लोहाचं प्रमाण ०.१२ ते ०.२% च्या आत. सेलमधल्या लोखंडी हत्यारांनी, ॲनोडच्या झिजलेल्या पोलादी खुंट्यांनी लोह वाढलं की धातूत सुईसारखे स्फटिक होतात आणि चाक धक्का-चाचणीत तडकतं. स्मेल्टरवाल्याच्या दृष्टीने ०.२% लोह म्हणजे चांगला धातू, ०.१२% मागणाऱ्या चाकवाल्याच्या दृष्टीने नापास. शेजारी असूनही खरेदी होत नाही, ती याच कारणाने.

बाकी पायऱ्या माहितीच्याच: नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडणाऱ्या रोटरने हायड्रोजन काढणं, ७०० अंशांच्या आसपास कमी दाबाच्या डाय-कास्टिंगने भरणं, एक्स-रे, मग टी६ उष्णोपचार: ५४० अंशांना चार-सहा तास, गरम पाण्यात बुडवणं, १५५-१६० अंशांना चार तास. बुडवायला दरवाजा उघडल्यापासून काही सेकंदच मिळतात. तिथे ढिलाई झाली तर कडकपणा येतच नाही, आणि दोष ओतकामाचा मानला जातो.

वीज विसरू नका. एक टन ॲल्युमिनियमला चार-पाच टन बॉक्साइट, दोन टन ॲल्युमिना आणि सुमारे १४,००० युनिट. साडेतीन लाख टनांच्या स्मेल्टरला चोवीस तास साडेपाचशे मेगावॉटहून जास्त. चार-पाच तास वीज गेली तर सेल गोठतात. बॉक्साइट आहे म्हणून स्मेल्टर, असं होत नाही. वीज आहे म्हणून स्मेल्टर. आइसलँडमध्ये बॉक्साइट नाही, स्मेल्टर आहेत.

भंगारपती

सगळे स्मेल्टरवरच का अडलेत? इंजिनचे ब्लॉक, गिअरबॉक्सचं कवच, क्लच हाउसिंग हे उच्च दाबाच्या डाय-कास्टिंगचे भाग एडीसी१२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे असतात, आणि एडीसी१२ भंगारातून बनतो. पुन्हा वितळवायला नव्या धातूच्या सुमारे ५% ऊर्जा. काही टनांच्या भट्टीवर धंदा सुरू होतो. यात लोह थोडं हवंच, नाहीतर भाग डायला चिकटतो. फक्त गाळ होऊ द्यायचा नाही: लोह + दुप्पट मँगेनीज + तिप्पट क्रोमियम ही बेरीज १.८ च्या आत ठेवतात. बेरीज वर गेली आणि भट्टी थंड ठेवली की तळाला कडक कण बसतात, मशिनिंगला हत्यारं खातात.

हिशेबनीस

भंगारपती, म्हणजे पुन्हा खनिज बाजूलाच! मजा आहे.

आता ज्या उदाहरणाचा सगळे दाखला देतात ते घेऊ: दक्षिण आफ्रिका आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गाडीचा विषारी धूर साफ करणारा डबा). जगातलं खाणीतून निघणारं ७०% हून जास्त प्लॅटिनम आणि सुमारे ८०% ऱ्होडियम तिथलं. १९९५ मध्ये तिथे मोटार उद्योग विकास कार्यक्रम सुरू झाला. सुटे भाग निर्यात करा, त्याच्या बदल्यात आयात शुल्काची सूट मिळवा. युरोपातल्या गाडी कंपन्यांना हे सोयीचं पडलं: कन्व्हर्टर तिथे बनवून घ्यायचे आणि मिळालेल्या सवलतीत आपल्या गाड्या तिथे कमी शुल्काने आणायच्या. कन्व्हर्टर हा त्या देशाच्या सुट्या भागांच्या निर्यातीतला सर्वांत मोठा माल झाला.

आता हिशेब. कन्व्हर्टरची विक्री १०० धरा. समजा त्यातले ६५ मौल्यवान धातूचे. तो धातू खाणीने जागतिक भावानेच विकलेला असतो, शेजारच्या कारखान्याला सूट नाही. आणखी काही आतल्या, धूर जाणाऱ्या कप्प्यांच्या सिरॅमिक विटेचे, काही पोलादी डब्याचे. उरलेल्यात लेप, जोडणी, तपासणी आणि नफा. निर्यातीचा आकडा १०० दिसतो, कारखान्यात वाढलेलं मूल्य पंधरा-वीस. ऱ्होडियमचा भाव चढला की निर्यात वाढलेली दिसते, कारखान्यात एक माणूस वाढलेला नसतो.

२०१३ मध्ये निर्यातीवरची सूट काढून उत्पादनावर आणि वाढवलेल्या मूल्यावर आधारलेली योजना आणली, ती याच दिशेने होती. २०३५ च्या आराखड्यात स्थानिक वाटा ६०% करण्याचं उद्दिष्ट आहे.

घमेलं

हिशेबनीस, इथे थोडा अन्याय होतोय. कन्व्हर्टर म्हणजे फक्त प्लॅटिनम नाही. डबा ४०९ प्रतीच्या स्टेनलेसचा, त्यात ११% क्रोमियम, आणि क्रोमाइटचे सर्वांत मोठे साठे त्याच देशात. डबा आणि वीट यांच्यामधली चटई तापल्यावर फुगते, कारण तिच्यात व्हर्मिक्युलाइट असतं, ते पालाबोराच्या खाणीत निघतं. म्हणजे एका भागात तीन स्थानिक खनिजं. गाडीचा असा दुसरा भाग दाखवा.

हिशेबनीस

मान्य, सुंदर उदाहरण आहे. पण वीट कॉर्डिएराइटची: मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉनची ऑक्साइडं. चौरस इंचाला ४०० किंवा ६०० कप्पे, भिंत केसाएवढी. हे एक्स्ट्रूजन जगात मोजक्याच कंपन्यांना नीट जमतं. कच्चा माल मातीसारखा स्वस्त, आणि किंमत मात्र सगळी डायमध्ये आणि भाजण्याच्या वेळापत्रकात. मूल्य तिथे आहे. आणि शेवटचा मुद्दा, विजेच्या गाडीला कन्व्हर्टर लागतच नाही.

तारकरी

तांब्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तांबे उद्योगाचा नेहमी दिला जाणारा आकडा: पेट्रोलच्या गाडीत सुमारे २३ किलो, बॅटरीच्या गाडीत ८३ किलो. पेट्रोलच्या गाडीत त्यातलं बरंचसं वायरिंग हार्नेसमध्ये (गाडीभर जाणाऱ्या तारांच्या जुडग्यात).

साखळी अशी: कॅथोड (शुद्ध तांब्याचा पत्रा), ८ मिमी रॉड, ओढून बारीक तार, पिळून दोरा, वर आवरण, मग कापणं, टर्मिनल दाबणं, फळीवर हार्नेस गुंफणं. रॉडची अखंड ओतून लाटण्याची मोठी मिल लाखभर टनांखाली परवडत नाही. पण वरच्या दिशेने ओढून ओतण्याची पद्धत, अपकास्ट, वर्षाला काही हजार टनांवरही चालते आणि ऑक्सिजनमुक्त रॉड देते. म्हणजे तांब्याच्या खाणीच्या देशात ही पायरी खरोखर लहान प्रमाणात उभी राहू शकते. एक सांभाळायचं: कॅथोड ९९.९९% चाच. शिसं, बिस्मथ काही पीपीएम (दहा लाखांत काही भाग) वाढलं की बारीक तार ओढताना तुटते. ०.२ मिमीच्या तारेला एक तुटण म्हणजे पुन्हा सगळं ओवणं.

मात्र हार्नेस स्वतः खाणीच्या मागे जात नाही. मोरोक्को आणि ट्युनिशियात हार्नेसचे मोठे कारखाने आहेत, आणि ते तिथे आहेत ते हात आणि युरोप जवळ असल्यामुळे. गाडीच्या रचनेत बदल झाला की आठवड्यात हार्नेस बदलतो, जहाजावर महिनाभर पडलेला हार्नेस जुना होऊन उतरतो. म्हणून जोडणीच्या कारखान्याचं अंतर महत्त्वाचं, खाणीचं नाही.

रसायनशाळा

बॅटरीचं थोडं वेगळं आहे, आणि धागाकर्त्यांच्या टनांच्या हिशेबाला इथे थोडा अपवाद निघतो.

६० युनिटच्या बॅटरीला लिथियम कार्बोनेटच्या मापात ४०-५० किलो लागतं. लाख गाड्या म्हणजे चार-पाच हजार टन. शुद्धीकरणाचा एक कारखाना वीस-पंचवीस हजार टनांचा असतो. म्हणजे एक मध्यम मोटार कारखाना त्याचा पाचवा हिस्सा उचलतो. पोलादापेक्षा कितीतरी बरं.

पण रसायनाचं ओझं बघा. ६% लिथियम ऑक्साइडचं स्पॉड्युमीन (लिथियमचं खडकातलं खनिज) घ्या. एक टन कार्बोनेटला कागदावर ६.७ टन, प्रत्यक्षात आठेक टन. १,०५०-१,१०० अंशांना भाजून अल्फाचं बीटा रूप करायचं, मग आम्लाबरोबर २५० अंशांना. समीकरणानेच १.३३ टन सल्फ्युरिक आम्ल आणि १.४३ टन सोडा ॲश, व्यवहारात त्याहून जास्त. बाहेर १.९ टन सोडियम सल्फेट आणि आठ-दहा टन गाळ. आम्ल आणि सोडा ॲश समुद्र नसलेल्या देशात ट्रकने आणायचा तर सगळा फायदा भाड्यात जातो. झिंबाब्वेने डिसेंबर २०२२ मध्ये कच्च्या लिथियम खनिजाची निर्यात बंद केली, त्यातून सांद्रणाचे (खडकातला टाकाऊ भाग काढून खनिज दाट करण्याचे) कारखाने झाले. सांद्रण ही सोपी पायरी आहे. पुढची पायरी आम्लाची आहे.

ग्रॅफाइट त्याहून अवघड. मोझांबिकच्या बलामासारख्या खाणीतून ९५% कार्बनची पत्री निघते. तिचे गोळे करताना निम्म्याहून जास्त माल भुकटी होऊन जातो, आणि मग ९९.९५% पर्यंत न्यायला हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा प्रचंड तापमान. भुकटीला गिऱ्हाईक शोधून ठेवलं नसेल तर कारखाना तोट्यात. (ब्रेक पॅड आणि फाउंड्रीचा कार्बन वाढवणारा चुरा, हे तिचे दोन वापर. बीडकाम यांनी हसू नये.)

घमेलं

निर्यातबंदीचा विषय निघालाच आहे. इंडोनेशियाने निकेल खनिजाची निर्यात २०१४ मध्ये बंद केली, २०१७ मध्ये ढिली केली, जानेवारी २०२० पासून पुन्हा बंद. आणि कारखाने आले. बंदी चालते, हे मान्य करा.

रसायनशाळा

चालली. पण काय आलं ते नीट बघा. बहुतेक आलं ते फिरती भट्टी आणि विद्युत भट्टीचं निकेल पिग आयर्न, ८-१२% निकेलचं. ते स्टेनलेसला जातं, बॅटरीला नाही. बॅटरीसाठी दुसरा रस्ता: कमी प्रतीचं, १% च्या आसपासचं लिमोनाइट, २५० अंश, ४० हून जास्त वातावरणं दाब, सल्फ्युरिक आम्ल, टायटॅनियमचं अस्तर असलेलं भांडं. निघतं ते निकेल-कोबाल्टचं हायड्रॉक्साइड, मग सल्फेट, मग बॅटरीच्या धन टोकाची, म्हणजे कॅथोडची पूड, मग सेल. तिथला पहिला मोठा सेल कारखाना कारावांगला २०२४ मध्ये सुरू झाला, १० गिगावॉट-तासांचा. बंदीनंतर दहा वर्षांनी. दरम्यान स्वस्त गाड्यांनी एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी धरली, तिच्यात निकेल नाहीच.

आणि हे सगळ्यांना जमणार नाही. इंडोनेशिया निकेल उत्पादनात जगात पहिला आहे, गिऱ्हाईकाला दुसरं दार नव्हतं. ज्याचा वाटा ५% आहे त्याने बंदी घातली तर गिऱ्हाईक शेजारी जातं. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरुद्ध गेला, इंडोनेशियाने अपील केलं, आणि अपील ऐकणारं मंडळच बंद पडलेलं आहे.

पाटीपेन्सिल

समजा भाग चांगला झाला. गाडी कंपनी घेईल याची खात्री काय?

तारकरी

लगेच घेत नाही. आयएटीएफ १६९४९ चं (मोटार उद्योगाच्या गुणवत्ता पद्धतीचं) प्रमाणपत्र, मग पीपॅप, म्हणजे सुट्या भागाची मंजुरी. खऱ्या यंत्रावर, खऱ्या वेगाने, सलग किमान ३०० नग काढायचे, मापं, धातूची तपासणी, प्रक्रियेचा आराखडा, दोषांचं विश्लेषण सगळं जोडायचं. महत्त्वाच्या मापांना सुरुवातीला क्षमता निर्देशांक (माप ठरलेल्या मर्यादेत किती आत राहतं ते) १.६७ मागतात. बॅटरीच्या रसायनाला नमुन्यांच्या फेऱ्या धरून दोन-तीन वर्षं जातात. तेवढे दिवस पगार, व्याज, वीज चालू. प्रकल्प अहवालात हा काळ सहा महिने लिहिलेला असतो, तिथेच पैसा संपतो.

आणि पीपॅपनंतर कच्च्या मालाचा पुरवठादार परस्पर बदलता येत नाही. 'आता स्थानिक पिग आयर्न वापरू' म्हटलं तरी नव्याने मंजुरी. म्हणून स्थानिक धातू वापरायचा असेल तर पहिल्या नमुन्यापासून वापरा.

बीडकाम

तारकरींच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. एक व्यवहाराची गोष्ट जोडतो. स्थानिक पिग घेताना एक-दोन ढेकळांचा नमुना घेऊ नका. महिनाभर रोज प्रत्येक टॅपचा (भट्टीतून एका वेळी काढलेल्या लोखंडाचा) सिलिकॉन, मँगेनीज, फॉस्फरस, गंधक, टायटॅनियम लिहून काढा आणि सरासरी नाही, फैलाव बघा. सिलिकॉन १.६ ते २.८ असा नाचत असेल तर ते पिग सरासरीत सुरेख दिसतं आणि डिस्कमध्ये एक दिवस चिल, दुसऱ्या दिवशी मऊ. टायटॅनियम मुद्दाम बघा. काही खनिजांत ते जास्त असतं, लोखंडात उतरतं, कार्बाइड होतं. डिस्क झिजत नाही म्हणून गिऱ्हाईक खूष, पण मशिनिंगवाला टिप बदलून बदलून बिल दुप्पट पाठवतो.

धातुमळी

टायटॅनियमची मर्यादा किती धरता?

बीडकाम

डिस्कला ०.०२% च्या आत असेल तर कोणी तक्रार करत नाही. वर गेलं तर पिगचं प्रमाण कमी करून भंगार वाढवा. मग हिशेबनीस परत येऊन म्हणतील की खनिज अजून कमी झालं.

हिशेबनीस

म्हणणारच.